चिनीमातीची इंजिनिअर

माझ्या ताईला राग आला की ती ओरडत नाही, शब्द सुटे करून बोलते. "मी. कपबश्या. बनवत. नाही." हे वाक्य मी बँकेच्या काउंटरवर ऐकलंय, दवाखान्यात ऐकलंय, नव्या शेजाऱ्यांच्या दारात ऐकलंय. एकदा बसमध्ये शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, "काय करता तुम्ही?" आणि उत्तर ऐकून त्याच पुढे म्हणाल्या, "अय्या, म्हणजे कपबश्या?" ताईने हेच वाक्य त्यांना ऐकवलं. त्या बिचाऱ्या पुढच्याच थांब्यावर उतरल्या. त्यांना तिथे उतरायचं होतं की नाही, देव जाणे.

ताई सिरॅमिक इंजिनिअर आहे. ही शाखा तिने हौसेने घेतली असं मात्र कुणी समजू नये. प्रवेशाच्या दिवशी बाबा, ती आणि मी एका मोठ्या हॉलमध्ये बसलो होतो. समोरच्या पडद्यावर उरलेल्या जागा दिसत होत्या, आणि एकेक नाव पुकारलं की त्यातली एक जागा पुसली जायची. कॉम्प्युटर आमच्या डोळ्यांदेखत संपलं. मग इलेक्ट्रॉनिक्स. मग मेकॅनिकल. ताई नखं कुरतडत होती. तिचं नाव आलं तेव्हा बऱ्या म्हणाव्या अशा कॉलेजात एकच शाखा शिल्लक होती.

टेबलामागच्या बाईंनी वर न बघताच विचारलं, "सिरॅमिक. घेताय?"

"काय असतं त्यात?" ताई म्हणाली.

"ते कॉलेजात गेल्यावर सांगतील. घेताय का? मागे लोक खोळंबलेत."

बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते. आपल्यामुळे रांग अडणं त्यांना पाप वाटायचं. "घे गं," ते हळूच म्हणाले, "नंतर शाखा बदलून मिळते म्हणे."

"मिळते का हो?" ताईने बाईंना विचारलं.

"मिळते की. ज्यांना मिळते त्यांना."

संध्याकाळी मोठे काका आले. मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. विषय कुठलाही असो, माहिती नसली तरी मत तयार. "सिरॅमिक?" ते म्हणाले. "वा! आमच्याकडच्या कपाचा कान तुटलाय, तेवढा चिकटवून दे बाई." स्वतःच्या विनोदावर ते खोकला येईपर्यंत हसले. बाबाही थोडे हसले. ताई उठून आत गेली आणि दार आपटलं.

शाखा बदलून मिळाली नाही. पहिल्या वर्षानंतर ज्यांना चांगले मार्क पडले ते दुसऱ्या शाखांत पांगले आणि वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं उरली. त्यांचा विभाग कॉलेजच्या पार मागच्या अंगाला, वर्कशॉपच्याही पलीकडे होता. गेटवरच्या पहारेकऱ्याला रस्ता विचारला तर तो म्हणायचा, "असं काही आहे का इथे?" विभागप्रमुखांना मुलं भट्टीसर म्हणायची. भट्टीसर कायम वैतागलेले. पहिल्या तासाला ते काय बोलले ते ताईने घरी येऊन जसंच्या तसं ऐकवलं होतं. "तुमच्यापैकी कुणीही इथे मनापासून आलेलं नाही, हे मला माहीत आहे. मीही आलो नव्हतो. वह्या उघडा."

दुसऱ्या वर्षी त्यांना मातीच्या पट्ट्या करायला लावल्या. पांढरी माती, गारगोटीची पूड आणि आणखी एका दगडाची पूड वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायची, पट्ट्या करायच्या, वाळवायच्या, भट्टीत भाजायच्या आणि मग यंत्रात घालून मोडून बघायच्या. किती जोर सोसतात, त्याची नोंद करायची. ताईच्या पट्ट्या मोडायची वेळच येत नसे. त्या भट्टीतूनच तडकून बाहेर यायच्या. तिने मिश्रण बदललं, तरी तडा. वाळवायला जास्त वेळ दिला, तरी तडा. घरी यायची तेव्हा केसांत पांढरी धूळ आणि तोंडावर बारा वाजलेले. आई म्हणायची, "आधी अंगणात झटकून ये गं, माझी आत्ताच फरशी पुसून झालीये."

शेवटी ती तडकलेल्या पट्ट्यांचा ढीग घेऊन भट्टीसरांच्या टेबलापाशी गेली. "सर, मला हे जमत नाही. मी नापास होणार."

सरांनी एक पट्टी उचलली, चष्मा कपाळावर चढवून तिची कड पाहिली आणि विचारलं, "भट्टीचं दार कधी उघडतेस?"

"भाजून झाल्यावर. म्हणजे... माझी बस चुकते, म्हणून जरा लवकर."

"मग बसला सांग थांबायला," सर म्हणाले आणि मग त्यांनी तिला समजावलं. मातीत जी गारगोटीची पूड असते, ती निवताना एका ठरावीक तापमानाला अचानक आक्रसते. तेवढा टप्पा सावकाश पार पडला पाहिजे. तिथे घाई केली की वस्तू वरून धड दिसते आणि आतून फुटते. "हे पुस्तकात आहे," सर म्हणाले. "पुस्तक उघडण्याची पद्धत आता राहिलेली नाही, ते सोडा."

त्या दिवशी ताईने बस सोडली आणि शेवटच्या बसपर्यंत थांबूनही भट्टीचं दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने जाऊन तिने थंडगार भट्टी उघडली. संध्याकाळी घरी आल्यावर तिने एक पांढरी पट्टी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मोड."

मी दोन्ही हातांनी जोर लावला, गुडघ्यावर ठेवून पाहिली. बोटं लाल झाली, पट्टी हलली नाही.  रात्री ताई ज्या चवीने जेवली, त्यावरून मला कळलं की आता ती शाखेच्या नावाने रडणार नाही.

त्यानंतर घरातल्या एकाही भांड्याला सुख उरलं नाही. ताटात वाढायच्या आधी ती बशी उलटी करून बूड बघायची. कपाला नखाने टिचकी मारून कान लावायची. दुसऱ्यांच्या घरी गेलो तरी तेच. आई टेबलाखालून तिच्या पायावर पाय द्यायची, पण उपयोग शून्य. एका रविवारी आईने फक्त पाहुण्यांसाठी काढायचा म्हणून जपून ठेवलेला सेट तिने ओव्हनमध्ये तापवला आणि एकेक कप बर्फाच्या पाण्यात सोडला. आवाज ऐकून आई धावत आली.

"आई, हे बघ," ताई आनंदाने म्हणाली, "यावरचा चकचकीत लेप आणि आतली माती एकमेकांना धरून नाहीत! दुकानदाराने फसवलंय तुला."

आईने तुकड्यांकडे पाहिलं. "तू इंजिनिअर होतेयस की भूकंप?"

शेवटच्या वर्षी कॉलेजात कंपन्या आल्या. म्हणजे इतर शाखांसाठी आल्या. सिरॅमिकच्या मुलांना भट्टीसरांनी स्वतः ओळखीतून दोन-तीन कारखान्यांचे पत्ते आणून दिले होते. एक सॉफ्टवेअर कंपनी मात्र सगळ्याच शाखांची मुलं घेत होती. मित्रमैत्रिणींसोबत ताईनेही परीक्षा दिली आणि निवडली गेली. बाबांनी आनंदाने कचेरीत पेढे वाटले. मोठे काका फोनवर म्हणाले, "सुटली बाई एकदाची चिखलातून." आठवडाभर घरात लग्नघरासारखं वातावरण होतं, आणि मग एका संध्याकाळी ताईने सांगून टाकलं की ती तिथे जाणार नाही. भट्टीसरांनी दिलेल्या पत्त्यांपैकी एका कारखान्यात तिने होकार कळवलाय.

"कसला कारखाना?" बाबांनी विचारलं.

"कमोडचा."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "परत सांग."

"कमोड, बेसिन. सॅनिटरीवेअर म्हणतात."

"अगं, पण ती कंपनी एवढी मोठी! सगळ्या शाखांना घेतात म्हणे."

"सगळ्या शाखांना घेतात, म्हणजे कुठल्याच शाखेला घेत नाहीत, बाबा. मग मी चार वर्षं पट्ट्या कशाला मोडल्या?"

"लोकांना काय सांगू मी? मुलगी काय करते विचारलं तर?"

"सांगा की, तुम्ही सकाळी उठल्या उठल्या जिथे जाता, तिथली सोय करते."

बाबा त्यानंतर बरेच दिवस तिच्याशी आईमार्फत बोलत होते. "तिला म्हणावं, छत्री घेऊन जा." ती समोर उभी असायची. लोकांनी विचारलं की ते सांगायचे, "उत्पादन क्षेत्रात आहे," आणि विषय बदलायचे.

कारखाना दूरच्या एका छोट्या गावाबाहेर होता. ताईने खोली घेतली. पहिल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी तिला स्वतः कारखाना दाखवला. एका शेडमध्ये प्लास्टरच्या साच्यांत पातळ माती ओतत होते, पुढच्या शेडमध्ये ओले कमोड रांगेने वाळत होते, त्यापुढे लेप फवारत होते. सगळ्यांत शेवटी ती भट्टी, लांबच लांब बोगद्यासारखी. माल लादलेले गाडे एका तोंडाने आत ढकलायचे, ते तापत तापत मध्यावर जायचे आणि निवत निवत दुसऱ्या तोंडातून बाहेर यायचे. ताई तिथेच रेंगाळली.

"तुम्ही इथे नाही हो मॅडम," मॅनेजर म्हणाले. "इथे उकडतं. तुमच्यासाठी ऑफिसात पंख्याखाली टेबल ठेवलंय."

"मला उकडलेलं चालतं."

"अहो, पण बायकांना—"

"मला. उकडलेलं. चालतं."

अशी रोज भुणभुण लावून तिने भट्टी आणि मालाची तपासणी पदरात पाडून घेतली. पॅकिंगच्या शेडमधल्या मावशींशी तिचं चांगलं जुळलं. पुढची हकीकत मला ताईने थोडक्यात सांगितली आणि नंतर मी तिकडे गेलो तेव्हा त्या मावशींनी तिखटमीठ लावून.

झालं असं, की कारखान्याला एका हॉटेलवाल्यांची मोठी ऑर्डर मिळाली आणि त्याच सुमारास कमोडना चिरा पडायला लागल्या. केसासारख्या बारीक, बुडाच्या बाजूला. ओतणारे म्हणाले, माती खराब आली. मातीवाले म्हणाले, भट्टी बिघडली. भट्टीवाले म्हणाले, हवा बदलली. मॅनेजर सगळ्यांवर खेकसले आणि खोलीत जाऊन बसले. ताईने चिरांवर शाई लावून पुसली, म्हणजे चीर काळी दिसते, आणि भिंग घेऊन कडा पाहत बसली. वाळताना पडलेली चीर असेल तर भट्टीत लेप वितळून तिच्यात उतरतो, कडा गोल होतात. या सगळ्या कडा धारदार होत्या. म्हणजे चीर भाजून झाल्यावर, निवताना पडली होती. तिने भट्टीच्या नोंदी मागितल्या. ऑर्डर वेळेत जावी म्हणून गाडे नेहमीपेक्षा घाईने पुढे ढकलले जात होते. हुकूम मॅनेजरसाहेबांचाच.

"भट्टी पूर्वीच्या वेगावर आणा," तिने जाऊन सांगितलं.

"ऑर्डर कोण पुरी करणार? तुमचे कॉलेजचे सर?"

"मग अर्धा माल फेकावा लागेल."

"फेकायचा कशाला? चिरा भरायच्या, वरून पांढरा रंग मारायचा. कोण बुडाशी वाकून बघतंय?"

आता कमोड म्हणजे कप नव्हे. तडकलेला कमोड एखाद्या दिवशी माणूस बसलेला असताना फुटतो आणि त्याच्या कडा सुरीसारख्या असतात. ताईने हे त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. कागदावर लिहून दिलं. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही फार विचार करता." चिरा भरणं सुरूच राहिलं. ताईने त्या मालावर पासचा शिक्का मारायला नकार दिला. शिक्का तिच्या खिशात आणि माल शेडमध्ये अडकलेला.

आणि त्यातच हॉटेलवाल्यांचा खरेदी अधिकारी माल बघायला आला. गृहस्थ अंगाने भक्कम, चांगलं पोट सुटलेले. मॅनेजरांनी त्यांना रांगेतून फिरवलं. "बघा, दुधासारखा पांढरा." मागून ताई लाकडी हातोडी घेऊन आली आणि एकेक कमोड वाजवायला लागली. चांगला असेल तर टण्ण असा घंटेसारखा आवाज, आतून चीर असेल तर नुसतं भद्द.

"काय करताय मॅडम?" अधिकाऱ्याने विचारलं.

"हे ऐका." टण्ण. "आता हे ऐका." भद्द. "हा फुटलेला आहे. चीर भरून रंग मारलाय."

मॅनेजर हसल्यासारखं करून म्हणाले, "नवीन आहेत मॅडम. कॉलेजचं अजून डोक्यातून गेलेलं नाही. कमोड काय वाजवायची वस्तू आहे का साहेब?"

अधिकाऱ्याने कमोडवरून हात फिरवला. "दिसायला तर छान आहे. आमचे पाहुणे काही ठोकून बघणार नाहीत."

हे ऐकून ताईचं डोकं सरकलं. तिला वाटलं होतं, निदान विकत घेणारा तरी चिडेल. तिने तो भद्द वाजलेला कमोड फळीवरून खाली घ्यायला लावला, अधिकाऱ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "ठोकून नाही बघणार. बसून बघणार. बसा."

"अं?"

"तुम्ही बसा यावर. काही झालं नाही, तर मी सगळ्या मालावर आत्ता शिक्का मारते."

शेडमधलं काम थांबलं.  अधिकाऱ्याने कमोडकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, मग मॅनेजरांकडे.

"बसा की साहेब," मॅनेजर बारीक आवाजात म्हणाले.

"मी कशाला? तुमचा माल आहे. आधी तुम्ही बसा."

"माझी कंबर धरलीये कालपासून."

"मग एवढे लोक आहेत, कुणीतरी बसा!" अधिकारी ओरडला. कुणीही पुढे आलं नाही. मावशींनी तोंडाला पदर लावला होता. शेवटी अधिकाऱ्याने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि म्हणाला, "असं करू. सगळा माल वाजवून घेऊ."

त्या दिवसापासून कारखान्यात तिचं नाव पडलं टकटकबाई. माल वाजवला गेला, फुटका बाजूला निघाला आणि भट्टी पूर्वीच्या वेगावर आली. सगळं ताईच्या मनासारखं झालं, आणि महिनाभरात मॅनेजरसाहेबांनी तिला बढती दिली. शोरूमप्रमुख. काचेच्या खोलीत उभं राहून गिऱ्हाइकांना विचारायचं, हस्तिदंती हवं की मोतिया? तिने ते दात ओठ खात केलं. मग एक दिवस मावशींनी येऊन सांगितलं की भट्टीचे गाडे परत पळायला लागलेत. ताई मॅनेजरांच्या खोलीत गेली, त्यांनी हातानेच "नंतर, नंतर" अशी खूण केली, आणि तिने तिथेच उभ्या उभ्या राजीनामा लिहून दिला.

घरी आली तेव्हा बाबा दारातच होते. "कमोडसाठी नोकरी घेतलीस ते समजलो नाही," ते म्हणाले, "आता कमोडसाठी नोकरी सोडलीस तेही समजत नाही." पण ते थेट तिच्याशी बोलले होते, हे आईच्या आणि माझ्या लक्षात आलं.

मग सुरू झालं नोकरी शोधणं. मुलाखतींना गेली की प्रश्न ठरलेला: "सिरॅमिक? मेकॅनिकलवालं कुणी नाही का तुमच्या ओळखीत?" त्यातच एका सरकारी कारखान्याची जाहिरात निघाली. विजेच्या उंच तारांना धरणारे चिनीमातीचे इन्सुलेटर बनवणारा कारखाना. म्हणजे जागा जणू तिच्यासाठीच. ताई हरखून अर्ज भरायला बसली आणि थोड्या वेळाने तिच्या खोलीतून टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज आला. अर्जात शाखा निवडायची होती आणि यादीत सिव्हिल होती, मेकॅनिकल होती, केमिकल होती, अगदी कापडाची शाखा होती. सिरॅमिक नव्हती.

तिने मदतीच्या नंबरवर फोन लावला. मी शेजारी बसून ऐकत होतो.

"मॅडम, 'इतर' निवडा."

"'इतर' निवडलं की लगेच 'आपण अपात्र आहात' असं येतं."

"मग मेकॅनिकल निवडा."

"मी मेकॅनिकल नाहीये."

"मॅडम, निवडायला काय जातंय?"

"मग नंतर कागद तपासताना काढून टाकाल."

"हो, ते काढतील."

"तुम्ही चिनीमातीच्या वस्तूंचा कारखाना चालवता आणि तुम्हाला चिनीमातीचा इंजिनिअर चालत नाही?"

"मॅडम, आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद," पलीकडचा आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

बाबा हे सगळं दारातून ऐकत होते. जन्मभर ते अशाच कचेरीत बसले होते. फोनने काही होत नाही, माणसासमोर जाऊन बसावं लागतं, हे त्यांना पक्कं माहीत. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते म्हणाले, "चल." मलाही गाडी चालवायला नेलं. एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून वरच्या मजल्यावर, तिथून परत खाली, असं करत दुपारी आम्ही ज्यांच्या हातात ती यादी होती त्या साहेबांसमोर पोहोचलो. साहेबांनी ताईचं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं.

"सिरॅमिक," ते म्हणाले. "म्हणजे कपबश्या वगैरे?"

मी ताईकडे पाहिलं. पण ती काही बोलायच्या आत बाबा खुर्चीतून उठले. माझे वडील, ज्यांनी आयुष्यात कुठल्या साहेबासमोर आवाज काढला नव्हता.

"कपबश्या?" ते म्हणाले. "तुमच्या स्कूटरमध्ये प्लग असतो, त्यातलं पांढरं काय असतं? खांबावरची वीज खांबातून उतरून तुमच्या अंगावर का येत नाही? तुमचाच कारखाना करतो ना ते इन्सुलेटर? लोखंड वितळवतात ती भट्टी स्वतः का वितळत नाही? सांगा ना! हल्ली माणसाच्या खुब्यात गोळा बसवतात तो कशाचा असतो? आणि विमानाच्या इंजिनातली पाती—"

"बाबा," ताई कुजबुजली, "पाती धातूचीच असतात. वर फक्त लेप असतो."

"तेच म्हणतोय मी, लेप! लेप कोण लावतं? ही लावते!"

"मी नाही लावत, बाबा."

"तू गप्प बस गं! मी बोलतोय ना!"

साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. बाबांनी तो एका दमात संपवला आणि खाली बसले.  एवढं सगळं त्यांनी कधी ऐकून ठेवलं होतं, कुणास ठाऊक. ताई जेवताना माझ्याशी बोलायची तेव्हा ते पेपरात तोंड खुपसून असायचे.

याचा उपयोग झाला का? झाला आणि नाही झाला. साहेबांनी लेखी अर्ज घेतला. पुढच्या वर्षीच्या यादीत सिरॅमिक आलं, तेही चुकीच्या ऱ्हस्वदीर्घाने. आणि ताईने अर्ज भरून पावतीही काढल्यावर ती भरतीच रद्द झाली. त्या दिवशी बाबांनी रेडिओ जरा जोरात आपटला. तो अजून खरखर करतो.

त्याच सुमारास भट्टीसरांचा फोन आला. ते तोवर निवृत्त झाले होते, पण वैताग निवृत्त झाला नव्हता. "अजून घरी का बसली आहेस? कमोड वाजवून साहेबांना घाबरवलंस ते ऐकलं मी. भट्टीच्या विटा करणारी एक कंपनी आहे, त्यांना भांडकुदळ माणूस हवाय. जा."

ताई गेली आणि तिथे रुजली. पोलाद, काच, सिमेंट जिथे जिथे तयार होतं तिथल्या भट्ट्यांना आतून खास विटांचं अस्तर असतं. ते झिजतं, खचतं, मग भट्टी बंद करून नवं लावावं लागतं. कुठली वीट कुठे, हे ताई ठरवते. मी एकदा तिला भेटायला काचेच्या एका कारखान्यात गेलो. भट्टी निवलेली होती आणि ताई तिच्या पोटात, डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांवर बसून विटांच्या सांध्यात पत्र्याची पट्टी घालून बघत होती. "हा सांधा जाड आहे. काढा. परत लावा." गवंडी म्हणाला, "बाई, एवढ्याशा फटीने काय होतंय?" ताईने त्याला सांगायला सुरुवात केली, वितळलेली काच एवढ्याशा फटीतून कशी शिरते, मागचं लोखंड कसं खाते. गवंडी ऐकून थकला आणि वीट काढायला लागला. मला तिने आतूनच विचारलं, "चपला घालून आलास? इथे? बाहेर थांब." मी बाहेर थांबलो. खूप वेळाने ती आली, आम्ही टपरीवर चहा प्यायलो. चहा काचेच्या ग्लासात होता, म्हणून निदान टिचकी मारली नाही. तिचा अर्धा ग्लास संपायच्या आत आतून हाक आली आणि ती गेली. मी उरलेला चहा पिऊन घरी आलो.

हल्ली ओळखीपाळखीत कुणाचं मूल बारावीला असलं की ताईला फोन येतो. "सिरॅमिकला स्कोप आहे का हो?"

"आहे," ताई सांगते. "काम भरपूर आहे, करणारे थोडे. विटा, टाइल्स, इन्सुलेटर, दात, सांधे, मोबाइलमधले बारीक बारीक भाग, सगळीकडे लागतं. माझ्या वर्गातला एक कृत्रिम दातांच्या कंपनीत आहे, एक परदेशात संशोधन करतो. फक्त कारखाने शहरात नसतात, उकडतं, सुरुवातीला कुणी विचारत नाही, आणि काय करता हे आयुष्यभर समजावून सांगावं लागतं."

"बरं. आणि कॉम्प्युटरला?"

"मग कॉम्प्युटरच घ्या ना!" असं म्हणून ती फोन ठेवते. आई म्हणते, "अगं, गोड बोलावं. लोक काय म्हणतील?"

मागच्या सुट्टीत मात्र एका मुलीने स्वतःच फोन केला. आईवडिलांनी नाही, तिनेच. स्कोपचं काही विचारलं नाही. विचारलं, भट्टीच्या आत काय चाललंय ते बाहेरून कसं कळतं? माती भाजल्यावर दगड होते, मग ती परत माती का होत नाही? ताईने ताट बाजूला सारलं आणि बोलत बसली. आईने दोनदा खुणावलं, जेवण निवलं, तरी हिचं चालूच. शेवटी म्हणाली, "तू ये एकदा कारखान्यात, मी दाखवते."

ती मुलगी आली नाही. प्रवेशाचे दिवस संपल्यावर तिच्या वडिलांचा फोन आला. आभार मानले, मुलीला कॉम्प्युटर मिळाल्याचं सांगितलं. ताई "अभिनंदन" म्हणाली, फोन ठेवला आणि घरभर विनाकारण वस्तू उचलून जागेवर ठेवत फिरली. बाबा म्हणाले, "अगं, तिचं नशीब." ताई म्हणाली, "नशीब तिचं नाही हो, आमच्या शाखेचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एका पोलादाच्या कारखान्यात जायचं होतं, तिथलं अस्तर वेळेआधीच खचलं होतं. कुणीतरी स्वस्तातली वीट लावली असणार, म्हणून ती आधीच पेटलेली. आई डबा भरत होती. ताई बुटाची नाडी बांधता बांधता थांबली.

"प्रश्न चांगले विचारत होती गं," ती आईला म्हणाली, आणि बॅग उचलून निघाली.